मांडजुव्याचं तगमान

गजानन कुबलच्या लग्नाच्या बायोडाटामध्ये उंची, शिक्षण आणि व्यवसाय यांच्या खाली एक ओळ ठळक अक्षरांत छापली होती : 'तगमान – शंभरच्या वर.' बाकीच्या ओळींत ठळक करण्यासारखं फार नव्हतं. वय अडतीस, शिक्षण बारावी, व्यवसाय कांदळवनात पर्यटकांना होडीतून फिरवण्याचा. घर स्वतःचं, पण अर्ध्या भागावर अजून पत्रेच. तरीही शेजारच्या भाटजुव्याच्या खवणेकरांनी आपली मुलगी समिधा त्याला देऊ केली, ती त्या ठळक ओळीमुळे. भाटजुव्याचं तगमान सव्वीस होतं.

तेरवलीच्या खाडीत अशी सात बेटं आहेत. खाडीतल्या बेटाला तिकडे जुवं म्हणतात. भोवती कांदळवन, मधे उंचवट्यावर माडांखाली घरं आणि ये-जा होडीनं. असं जुवं चढत्या समुद्रापुढे आणखी किती वर्षं तग धरेल, तो आकडा म्हणजे त्याचं तगमान. दहा वर्षांपूर्वी हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. आता प्रत्येक धक्क्यावर त्याची पाटी होती. पाटी बघून बँक कर्ज देत होती, शाळेची दुरुस्ती मंजूर होत होती, आणि मुली दिल्या किंवा नाकारल्या जात होत्या.

हे सगळं आलं गाळतंतूबरोबर. कांदळवन आपली जमीन स्वतः उचलतं, ही गोष्ट तशी जुनी. भरतीचं गढूळ पाणी मुळांच्या जाळीत शिरलं की त्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो. चिखलाच्या आत मुळं वाढतात, मरतात, पुन्हा वाढतात, आणि जमीन आतून फुगते. समुद्र चढतो तितकीच जमीनही चढत राहिली तर वन टिकतं. समुद्र पुढे गेला, तर तिवराची चिखलातून वर आलेली श्वासमुळं पाण्याखालीच राहतात आणि झाड गुदमरतं. वन गेलं की त्याच्या आडोशाला असलेलं बेटही फार काळ राहत नाही.

ही शर्यत वर्षाला काही मिलिमीटरांची. पूर्वी ती मोजायला माणसं सहा-सहा महिन्यांनी चिखलात उतरत. गाळतंतू म्हणजे केसाएवढा काचेचा धागा. त्याचं खालचं टोक चिखलाखालच्या खडकात पक्कं केलेलं आणि वरचं एका खांबाला बांधलेलं. धाग्याचा चिखलात बुडालेला भाग आणि पाण्यात उघडा असलेला भाग वेगवेगळ्या गतीनं तापतात आणि निवतात. धाग्यातून जाणाऱ्या प्रकाशावरून ते कळतं, आणि चिखल नेमका कुठवर आला आहे हे दर भरतीला कार्यालयात बसून वाचता येतं. त्यामुळे चिखलात उतरणं थांबलं.

ऋजुता पराडकर रत्नागिरीच्या खाडी निरीक्षण केंद्रात हे आकडे बघत असे. सात जुव्यांपैकी एकट्या मांडजुव्याची जमीन समुद्राहून वेगानं चढत होती. त्याला 'संदर्भ बेट' ठरवण्याचा प्रस्ताव येत्या सोमवारच्या बैठकीपुढे होता. मांडजुव्याच्या वनाला जमलं ते बाकीच्या वनांनाही आज ना उद्या जमेल, तेव्हा बाकीच्या सहा जुव्यांनी मागितलेले दगडी बंधारे रद्द करावेत, असा त्या प्रस्तावाचा अर्थ. त्याआधी कुणीतरी जागा डोळ्यांनी बघून यावी असं ठरलं. ऋजुतानं ते काम मागून घेतलं. मांडजुव्यात तिची आते राहत होती, आणि दोन महिन्यांवर आलेलं लग्न आतेच्याच मुलाचं, गजाननचं होतं.

गजा होडी घेऊन तिला न्यायला खाडीकाठच्या धक्क्यावर थांबला होता.

"काय गो सायबीणी, आमची पाटी बघलंस? तेका हार घालूक व्हयो."

"आधी घरावर छप्पर घाल."

"कर्ज मंजूर झालां. तुझ्या आकड्यान झालां. लग्नात पयलो मान तुझो."

होडीची मोटार जवळजवळ आवाज करत नव्हती. खाडी सोडून होडी एका अरुंद फाट्यात शिरली, आणि दोन्ही बाजूंनी कांदळाची मुळं कमानीसारखी पाण्यात उतरू लागली. पाणी चहासारखं तांबूस होतं. ओल्या चिखलावर निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या. एक खंड्या फांदीवरून उठला आणि पुढच्या फांदीवर बसला, होडी जवळ आल्यावर पुन्हा उठला.

"डाव्या बाजूक बघा, तिवर," गजा म्हणाला. "पान चाटून बघा, खारट लागतलां. झाड मीठ पानातून भायर टाकता."

"मी पर्यटक आहे का?"

"सवय गो. तुझ्याकडना तिकीट घेवचंय नाय."

तरी तिनं पान तोडून चाटलं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत यायची तेव्हाही ती हेच करायची.

शेवंतीआतेनं तिसऱ्यांचं एकशिपी केलं होतं. हळद-मसाल्यात शिजलेल्या तिसऱ्या, प्रत्येकीचं मांस अर्ध्या शिंपलीला तसंच धरून ठेवलेलं. ऋजुता दोनदा मागून जेवली. जेवण झाल्यावर आतेनं तिघांच्या पानांतल्या शिंपल्या खरकट्यात न टाकता कोपऱ्यातल्या एका झाकणाच्या टोपलीत टाकल्या. ऋजुतानं ते पाहिलं आणि सोडून दिलं. आतेकडे प्रत्येक गोष्टीची वेगळी टोपली असायची.

"तुझो तो धागो देवचाराकडे आसा," आते म्हणाली. "जातलंस थंय?"

"जायलाच हवं. चालेल ना?"

देवचार म्हणजे खाडीचा राखणदार. बेटाच्या पश्चिमेला, वनाच्या आत एका म्हाताऱ्या चिपीच्या झाडाखाली त्याचा दगड होता. बाहेरगावच्या माणसानं तिकडे जायचं नाही, असा रिवाज असल्यामुळे ऋजुतानं ती जागा कधीच पाहिली नव्हती. आतेनं एक नारळ काढून दिला.

"ह्यो ठेव. आणि सरकारी काम आसा म्हणान सांग तेका."

ओहोटी लागल्यावर दोघं निघाली. फळ्या टाकलेली पर्यटकांची वाट मधेच संपली. पुढे गुडघाभर चिखल. देवचाराच्या जागेत पोचल्यावर ऋजुताला मांडजुव्याचा एकमेव गाळतंतू दहा वर्षांपूर्वी इथेच बसवण्याचा पथकाचा निर्णय पटला. भोवती एकही फांदी तोडलेली नव्हती. गुरांची वाट नव्हती की खेकड्यांसाठी कुणी खणल्याची खूण नव्हती. देवचाराच्या भीतीनं कुणी इथलं काडीभरही नेत नव्हतं. माणसाचा हात न लागलेली जागा हवी होती आणि खाडीत यापेक्षा चांगली जागा सापडली नसती.

तिनं नारळ ठेवला. मग गाळतंतूच्या खांबाशेजारी पोलादी नळी चिखलात दाबली, फिरवली आणि वर ओढली. आतला चिखलाचा दंडगोल फळीवर उतरवून तिनं सुरीनं उभा चिरला. कांदळवनातला चिखल कसा दिसायला हवा हे तिला माहीत होतं : काळा, मऊ, मुळांच्या धाग्यांनी विणलेला. हा तसा नव्हता. चिखलापेक्षा शिंपल्या जास्त होत्या, थरावर थर.

खाडीत शिंपल्या असणारच. पण या सगळ्या अर्ध्या होत्या, जोडीची एकही नाही. तिनं वरच्या थरातल्या चार-पाच पाण्यात विसळल्या. आतून पिवळ्या होत्या. तिनं नळी धुवायला आणलेल्या सोड्याच्या पाण्याचा एक थेंब एका शिंपलीवर टाकला. पिवळा डाग तांबडा झाला. हळदीत क्षार मिसळला की कुंकू होतं, हे कुंकू घरी करणाऱ्या आतेकडेच ती शिकली होती.

"गजा, खाडीतल्या तिसऱ्या हळद लावून मरतात का?"

गजा लांबच्या खंड्याकडे बघत होता. "माका काय म्हायत?"

"घरी टोपली आहे. ती कुठे रिकामी करता?"

"ऋजू, ता सांगूचां नसतां."

घरी आल्यावर तिनं शिंपली आतेच्या पुढ्यात ठेवली. आतेनं ती उलटसुलट केली आणि पदरानं पुसली.

"जीव आमचो, घर तेचां," आते म्हणाली. "खाडीतला खाल्लां तर शिंपली देवचाराक परत करूची. ओहोटीक जावचां, पायान चिखलात दाबूचां, आणि मागे वळान बघूचां नाय. दिल्लां कोणाक सांगूचां नाय. माझ्या सासूनही केल्यान, तिच्या सासूनही."

"सगळी घरं?"

"सगळी."

"आते, पथक आलं होतं तेव्हा त्यांनी विचारलं होतं ना? इथे माणसांचा वावर आहे का म्हणून?"

"इचारल्यानी तर. लाकडां तोडतास? नाय. ढोरां सोडतास? नाय. कुर्ल्यांसाठी खणतास? नाय. मी एक तरी खोटां सांगलंय?" आतेचा आवाज चढला नव्हता. "घेतास काय, ह्यां इचारल्यानी. देतास काय, ह्यां कोणी इचारूक नाय."

ती प्रश्नावली ऋजुताच्याच केंद्रानं तयार केली होती, आणि अजूनही सगळीकडे तीच वापरत होते.

पुढचे दोन दिवस ती बेटाच्या बाकीच्या कडेनं नळी घेऊन फिरली. गजा होडी चालवत होता, पण झाडांची नावं सांगत नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं ओट्यावर बसून गणित पूर्ण केलं. देवचाराच्या जागेपासून दूर मांडजुव्याची जमीन जवळजवळ भाटजुव्याइतकीच हळू चढत होती. बेटाचं खरं तगमान निघालं एकतीस.

"एकतीस," गजा म्हणाला. तो शेजारीच उभा होता. "शंभराचां एकतीस. तुझ्या नळयेत हळद गावली आणि माझी गेली."

"गजा—"

"लग्न होवंदे. मगे सांग. दोन म्हयन्यांत समुद्र काय घरात येवचो नाय."

"सोमवारी बैठक आहे."

"पुढच्या बैठकीत सांग."

"सोमवारी मांडजुवं संदर्भ बेट ठरलं तर बाकीच्यांचे बंधारे रद्द होतील. मग पुढच्या बैठकीत सांगून काही परत येणार नाही." ती थांबली. "भाटजुव्याचा बंधारासुद्धा. समिधाच्या घराच्या मागून जाणार आहे तो."

गजा ओट्यावर बसला. नळीकडे बघत म्हणाला, "शिरा पडो तुझ्या नळयेर." पण ते शिवी दिल्यासारखं आलं नाही. मग त्यानं खिशातून फोन काढून नंबर लावला आणि ऋजुताच्या हातात दिला. "माझ्यानं होवचां नाय. तूच सांग तिका."

समिधा खवणेकर भाटजुव्यात खेकड्यांची पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालवत होती. ऋजुताशी ती याआधी एकदाच, साखरपुड्यात बोलली होती. तिनं सगळं मधे न बोलता ऐकून घेतलं.

"म्हणजे खरा आकडा एकतीस."

"हो."

"आमचा सव्वीस. तरी पाच वर्षं फायद्यातच की मी." ती स्वतःच्याच बोलण्यावर थोडं हसली. मग विचारलं, "पण देवचाराच्या जागेत जमीन खरोखर चढली आहे ना? का तोही भास?"

"खरोखर चढली आहे. नुसत्या शिंपल्यांच्या मापानं चढायला हवी त्याहून जास्त. शिंपल्यांच्या खाचांत पाणी अडतं, गाळ थांबतो, आणि तिवराची कोवळी रोपं तिथे घट्ट धरतात. त्या तुकड्यापुरतं वन समुद्राच्या पुढे आहे."

"मग बाकीच्या कडेला शिंपल्या घातल्या तर?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाजसुद्धा नाही. कुणी मोजलेलं नाही. जे मोजलेलं नाही त्याचा आकडा मी तुला देणार नाही, समिधा. आधी एकदा चुकीचा दिला आहे."

पलीकडे पंप बंद केल्याचा आवाज आला.

"बाबा लग्न मोडतील," समिधा म्हणाली. "तुम्ही तुमचं काम करा. गजाला फोन द्या."

गजा फोन घेऊन धक्क्यापर्यंत चालत गेला. ते काय बोलले ते ऋजुतानं नंतरही विचारलं नाही.

सोमवारी तिनं अहवाल मांडला. संदर्भ बेटाचा प्रस्ताव मागे घेतला गेला, आणि सहा बंधारे यादीत कायम राहिले. सातवा, मांडजुव्याचा, यादीत कधीच नव्हता. तो घालायला आणखी वर्ष लागेल असं सांगण्यात आलं. गुरुवारी धक्क्यावरची पाटी बदलली. बँकेनं गजाचं कर्ज थांबवलं. मांडजुव्यातली दोन बिऱ्हाडं महिन्याभरात कुडाळला गेली, आणि जाताना त्यातल्या एकांनी आतेच्या दारात उभं राहून ऋजुताचं नाव घेऊन नको ते बोलून घेतलं. आतेनं त्यांना पाणी दिलं आणि दार लावलं.

खवणेकरांनी लग्न मोडलं नाही, पण 'जरा थांबूया' असा निरोप धाडला. कोकणात या निरोपाचा अर्थ सगळ्यांना कळतो. मग एका रविवारी ते स्वतः होडी वल्हवत आले. समिधा बरोबर होती. त्यांनी घरात पाऊल टाकलं नाही. ओट्यावरूनच म्हणाले, "शेवंतीबाय, ही पोरगी जेवूक मागना. म्हणता, बाबा, तुमी पाटी बघून दिलास, मी माणूस बघून हो म्हटलंय. आता पाटी पडली तर माणूस खंय पडलो?"

"मगे तुमी काय म्हणालास?" आतेनं विचारलं.

"मी म्हटलंय, एकतीस वर्सांनी काय करतलंस? तर म्हणता, तवसर मी साठ वर्सांची. तुमचां काय व्हतलां ता बघा." खवणेकर डोक्यावरची टोपी काढून वारा घेत होते. "एकच इचारूचां होता. तुमच्या देवचाराक भायरच्या जुव्यातले शिंपले चलतत?"

आतेनं आधी समिधाकडे बघितलं, मग गजाकडे. "लग्नानंतर ती भायरची खंयची?" ती म्हणाली. "घरात येवा. च्याय ठेवतंय."

लग्न वैशाखात झालं, भाटजुव्यात, पत्र्याच्या मांडवाखाली. संध्याकाळी भरतीबरोबर वरात होडीतून निघाली. पुढच्या होडीत नवरा-नवरी, आते आणि ऋजुता. मागच्या होडीत बाजा होता, पण वनाच्या तोंडाशी आल्यावर तो आपोआप थांबला. गजानं होडी घराकडे न नेता पश्चिमेच्या फाट्यात घातली. पाणी चिपीच्या बुंध्यापर्यंत चढलेलं होतं.

"ओहोटीला जातात ना?" ऋजुतानं हळूच विचारलं.

"नव्या सुनेक भरती-ओहोटी बघूची नसता," आते म्हणाली. "आणि तू तोंड फिरव. तू अजून भायरचीच."

ऋजुतानं पाठ केली. समोर कांदळाच्या मुळांवर खेकड्यांची पिल्लं चढत होती. मागून बांगड्यांचा आवाज आला, मग भाटजुव्याहून आणलेल्या गोणपाटाची गाठ सुटल्याचा. त्यानंतर पाण्यात शिंपल्या पडू लागल्या. मूठभर पडून थांबतील असं तिला वाटलं होतं. त्या थांबल्या नाहीत. बऱ्याच वेळानं गोणपाट झटकल्याचा आवाज आला, आणि मागच्या होडीतला बाजा परत वाजायला लागला.

केंद्रानं मांडजुव्यात आता आणखी पाच ठिकाणी गाळतंतू बसवले होते. देवचाराच्या जागेतला जुना तंतू काढून टाकावा असा आग्रह होता. ऋजुतानं तो ठेवायला लावला. शिंपल्यांनी नेमकं काय होतं हे मोजायला जगात ती एकच जागा होती. नव्या प्रश्नावलीत 'या जागेत बाहेरून काही आणून टाकता का?' असा प्रश्नही तिनं घातला. मांडजुव्यातल्या प्रत्येक घरानं त्याला 'नाही' असं उत्तर दिलं. शेवंतीआतेनंही.

लग्नानंतर कामावर रुजू झाल्यावर तिनं सकाळी सातही जुव्यांचे आलेख उघडले. सहा जुव्यांच्या रेषा होत्या तशाच. मांडजुव्याच्या जुन्या तंतूची रेषा एका संध्याकाळच्या भरतीला जिन्याच्या पायरीसारखी चढली होती आणि नंतर त्याच उंचीवर राहिली होती. एवढी पायरी गेल्या दहा वर्षांत कधी पडली नव्हती. यंत्रानं ती लाल रंगात दाखवून कारण विचारलं : भरती, पूर, प्राणी, मानवी.

ऋजुतानं 'मानवी' निवडलं. खाली आणखी एक रकाना उघडला : 'कुणी?'

तो तिनं रिकामा ठेवला आणि पुढच्या जुव्याकडे वळली.